सिकलागहून बसोरकडे

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला तिसावा अध्याय दुःखात असलेल्या माणसानं एकदा तरी सावकाश वाचावा, असं मला मनापासून वाटतं. घरात मृत्यू झाला, मोठं आजारपण आलं, धंदा बुडाला की आपण स्तोत्रसंहिता उघडतो, आणि ते योग्यच आहे. पण स्तोत्रात दुःखाला आधीच शब्द मिळालेले असतात, सूर मिळालेला असतो. या अध्यायातलं दुःख अजून मुकं आहे. गाव जळून गेलंय आणि त्या राखेत उभे राहून सहाशे लढवय्ये गडी मोठमोठ्यानं रडतायत.

गावाचं नाव सिकलाग. दावीद तेव्हा तिशीच्या जवळपासचा होता. शौल राजा त्याच्या जिवावर उठलेला, त्यामुळे कधी अदुल्लामची गुहा, कधी एन-गेदीचे कडे, असं करत त्यानं उमेदीची वर्षं रानावनात काढली होती. शेवटी तो थकला. आज ना उद्या शौल मला गाठणारच, त्यापेक्षा शत्रूच्या मुलखात गेलेलं बरं, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि आपली माणसं घेऊन तो पलिष्ट्यांकडे गेला. गथचा राजा आखीश यानं त्याला सिकलाग राहायला दिलं. तिथे एक वर्ष चार महिने गेले. मग पलिष्ट्यांची फौज इस्राएलवर चालून निघाली, तेव्हा दावीदही आखीशामागून अफेकपर्यंत गेला. पण बाकीच्या पलिष्टी सरदारांना त्याचा भरवसा वाटेना, त्यांनी त्याला परत पाठवलं. म्हणजे स्वतःच्या राजानं हाकललेला आणि परक्यांनीही नाकारलेला असा हा माणूस वाट तुडवत तिसऱ्या दिवशी घरी पोचला, तर घरच नव्हतं. अमालेक्यांनी धाड घालून गाव पेटवलं होतं आणि बायकामुलांना धरून नेलं होतं.

मग ती माणसं रडली. किती, तर पुढे रडायचंही त्राण अंगात उरलं नाही इतकी. पवित्र शास्त्र हे लपवत नाही, घाईनं पुढेही जात नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे सांत्वनाला आलेली माणसं उंबऱ्यातूनच सुरू करतात: रडू नका, गेलेल्याला त्रास होतो. रडू नका, विश्वासणाऱ्यानं असं खचून चालत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषाला तर रडायची मुभाच नसते. तूच खचलास तर पोरांनी कुणाकडे बघायचं, हे वाक्य त्याच्यासाठी तयारच असतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरीही हे बोलणं निर्दय आहे. सिकलागमध्ये रडणं आधी झालं, बळ नंतर आलं, आणि मधे देवानं कुणाला गप्प बसा म्हटल्याची नोंद नाही. ज्या घरात चार दिवसांपूर्वी माती झाली आहे तिथे जाऊन विश्वासाची परीक्षा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण रडून मन हलकं झालं आणि सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, असंही तिथे घडलेलं नाही. उलट रडणं थांबताच दगडांची भाषा सुरू झाली. पोरंबाळं गेल्याच्या कडवटपणात माणसं म्हणू लागली, यालाच दगडमार करा. दावीदाच्या दोन्ही बायका, अहीनवाम आणि अबीगईल, त्याही धरून नेल्या होत्या. पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. दुःखाचा हा भाग आपण फारसा बोलून दाखवत नाही. घरात संकट आलं की ते एकटं येत नाही, कुणाला तरी गुन्हेगार ठरवत येतं. मूल दगावलं तर आईकडे बोट. नवऱ्याची नोकरी गेली तर सून अवलक्षणी. मुलानं जिवाचं बरंवाईट करून घेतलं तर आईबाप जन्मभर आरोपीच्या पिंजऱ्यात. नुकसान माणूस एक वेळ सोसतो. ज्यांच्या खांद्यावर डोकं टेकायचं त्यांनीच दगड उचलावा, हे सोसत नाही.

आणि इथे एक अवघड गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. दावीदावरचा तो राग अगदीच बिनबुडाचा नव्हता. सिकलागला राहून त्यानं स्वतः याच अमालेक्यांच्या वस्त्यांवर धाडी घातल्या होत्या, आणि आखीशापर्यंत बातमी जाऊ नये म्हणून मागे ना पुरुष जिवंत ठेवला होता ना बाई. गावात राखणीला माणसं न ठेवता सगळी फौज घेऊन अफेकला जायचं, हाही त्याचाच निर्णय. जे जळलं त्यातलं काही त्यानं स्वतःच्या हातांनी पेरलं होतं. आपल्यातल्या कितीजणांचं दुःख असंच मिसळलेलं असतं! थोडं नशिबाचं, थोडं दुसऱ्यानं केलेलं, थोडं आपल्याच हातचं. त्यामुळे प्रार्थनेला बसलं तरी जीभ अडखळते. कुठल्या तोंडानं मागू, असं वाटतं.

अशा घटकेला दावीदानं आपल्या देवाला धरलं आणि त्यातून त्याला बळ आलं, इतकंच पवित्र शास्त्र सांगतं. कसं धरलं, किती वेळ लागला, काय म्हणाला, काही नाही. लहानपणी मेंढरं राखताना सिंह आणि अस्वल चालून आले होते, तेव्हा ज्यानं सोडवलं त्याची आठवण झाली असेल. कदाचित काहीच आठवलं नसेल, नुसताच तो राखेत बसून राहिला असेल. ही जागा मोकळी सोडली आहे याबद्दल मी कृतज्ञ आहे. संकटातून बाहेर पडण्याच्या पाच पायऱ्या आणि सात किल्ल्या सांगणारी पुस्तकं आता मराठीतही ढिगानं मिळतात. ज्याचं घर जळलंय त्याला त्या पायऱ्या चढवत नाहीत. देव आणि माणूस यांच्यात त्या घटकेला जे होतं ते बाहेरच्याला दिसत नाही. दिसतं ते पुढचं. उठून माणूस पहिली गोष्ट काय करतो, ते दिसतं.

दावीदानं पहिली गोष्ट केली ती ही की त्यानं अब्याथार याजकाला बोलावलं आणि एफोद, म्हणजे देवाला कौल विचारताना वापरायचं याजकाचं वस्त्र, आणायला सांगितलं.

हे आपण भराभर वाचून पुढे जातो, पण हा अब्याथार कोण, हे आठवून बघा. नोब इथल्या याजकांच्या घराण्यातला वाचलेला एकटा मुलगा. शौलापासून पळताना दावीद एकदा नोबला गेला होता. राजाच्या कामगिरीवर आहे असं खोटं सांगून त्यानं अहीमलेख याजकाकडून पवित्र भाकरी घेतल्या, गल्याथाची तलवार घेतली. ही बातमी दवेग अदोमी यानं शौलाला दिली, आणि शौलाच्या हुकमावरून त्यानं एका दिवसात ८५ याजकांची कत्तल केली. गावातली बायकापोरंही सुटली नाहीत. अहीमलेखाचा मुलगा अब्याथार तेवढा निसटून दावीदाकडे आला, आणि येताना एफोद घेऊन आला. तेव्हा दावीदानं त्याच्यापाशी कबूल केलं होतं की तुझ्या बापाच्या घराण्याचा नाश माझ्यामुळे झाला; आता माझ्याजवळ राहा.

म्हणजे सिकलागच्या राखेत दावीदानं हाक मारली ती अशा माणसाला, ज्याचं सगळं गोत दावीदाच्या एका खोट्यापायी कापलं गेलं होतं. आणि तो माणूस आला. माझं दुःख तुझ्यापेक्षा मोठं आहे, असं तो म्हणाला नाही. माझी माणसं गेली तेव्हा तू काय केलंस, हेही त्यानं विचारलं नाही. एफोद घेऊन तो शेजारी उभा राहिला. देव बळ देतो ते पुष्कळदा माणसाच्या हातून देतो, हे आपण सहज बोलून जातो. पण कसल्या माणसाच्या हातून, याचा विचार करत नाही. सुखवस्तू, सगळं आलबेल असलेला, घरी फळांची परडी घेऊन येणारा माणूस तिथे फारसा उपयोगी पडत नाही. ज्यानं स्वतः कधी तरी सगळं गमावलं आहे आणि तरीही जो प्रार्थना करायची थांबलेला नाही, असा माणूस लागतो. प्रत्येक मंडळीत असा एखादा अब्याथार असतो. बहुधा मागच्या बाकावर बसतो, साक्ष द्यायला कधी उठत नाही. त्याला ओळखून ठेवा.

मग दावीदानं प्रश्न विचारला. पाठलाग करू का? ते हाती लागतील का? पलिष्ट्यांच्या मुलखात जायचं ठरवताना त्यानं देवाला विचारल्याचं कुठे दिसत नाही. तिथे तो स्वतःच्याच मनाशी बोलला होता. आता विचारतो. प्रश्न साधा, कामापुरता. माझ्याच वाट्याला हे का आलं, हा प्रश्नही माणसानं देवाला विचारावा, पवित्र शास्त्रात तो विचारणारे थोडेथोडके नाहीत. पण त्या दिवशी दावीदाला त्यासाठी उसंत नव्हती. उत्तर आलं तेही कामापुरतंच: जा. सगळं परत मिळेल, हेही सांगितलं गेलं. मात्र कोणत्या वाटेनं जायचं, शत्रू किती, कुठे मुक्कामाला आहे, यातलं काही नाही. घोर संकटात देव देतो ते बळ मला असं दिसतं. पुढचं वर्ष त्यात दिसत नाही. आजचा एक प्रश्न विचारता येतो आणि आजचं एक पाऊल टाकता येतं. जन्मभराचा धीर एका रात्रीत मिळावा म्हणून झगडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि तसा तो मिळत नाही म्हणून आपला विश्वास खोटा आहे असं मानून बसलेलीही. त्यांना मला हे सांगायचं आहे की दावीदालाही त्या दिवशी तेवढंच मिळालं होतं.

सहाशे माणसं निघाली आणि बसोर ओढ्याशी आली. तिथे २०० जण थांबले. ओढा ओलांडायचीही ताकद त्यांच्यात नव्हती. बायकापोरं त्यांचीही गेली होती, प्रेम त्यांचं कमी नव्हतं, शरीर चालेना. दावीदानं त्यांच्यावर आवाज चढवला नाही. सामानापाशी त्यांना बसवून तो ४०० जणांना घेऊन पुढे गेला.

पुढे रानात एक माणूस पडलेला सापडला. मिसरी, अमालेक्याचा गुलाम. आजारी पडला म्हणून धन्यानं त्याला टाकून दिलं होतं. तीन दिवस, तीन रात्री पोटात अन्न नाही, पाणी नाही. दावीदाच्या माणसांना त्या घडीला क्षण न् क्षण मोलाचा होता, कारण त्यांची मुलं दर पावलाला दूर जात होती. तरी त्यांनी त्याला उचलून आणलं. भाकर दिली, पाणी पाजलं, अंजिराच्या ढेपेतला तुकडा दिला, मनुकांचे दोन घड दिले. तो सावध झाला तेव्हा कुठे दावीदानं विचारलं, तू कुणाचा, कुठला? क्रम बघा. आधी खायला दिलं, विचारपूस मागून केली. हा आपल्याला वाट दाखवील हे आधी कुणाला ठाऊक नव्हतं. शिवाय बोलल्यावर कळलं ते हे की सिकलाग जाळणाऱ्या टोळीत तोही होता. त्यानं ते स्वतःच सांगितलं. तरी दिलेली भाकर कुणी हिसकावून घेतली नाही.

मला या सगळ्या अध्यायात ही जागा सर्वांत मोठी वाटते. दावीदाला देवाकडून बळ मिळालं याचा पुरावा मी त्याच्या तलवारीत शोधत नाही. सूड घ्यायला निघालेल्या माणसाकडेही प्रचंड जोर असतो. संतापानं माणूस दोन-दोन दिवस न झोपता धावू शकतो. पण संतापाच्या जोरावर धावणाऱ्याला वाटेत पडलेला परका गुलाम दिसत नाही. दिसला तरी तो ओलांडून जातो. स्वतःचं काळीज फाटलेलं असताना दुसऱ्याच्या कोरड्या ओठांकडे लक्ष जाणं, हे माणसाच्या स्वतःच्या पदरचं नव्हे. ते वरून येतं.

लढाई झाली, सगळं परत मिळालं, ते मी विस्तारानं सांगत नाही. परतताना बसोरपाशी पुन्हा वाद झाला. पुढे गेलेल्यांपैकी काही खवट माणसं म्हणाली, मागे राहिलेल्यांना त्यांची बायकापोरं द्या आणि वाटेला लावा, लुटीत वाटा नाही. दावीदानं ते मोडून काढलं. लढायला गेलेल्याचा आणि सामानापाशी बसलेल्याचा वाटा सारखाच राहील, असा नियम त्यानं घातला, आणि तो पुढे इस्राएलात कायम झाला. आमच्या मंडळ्यांपर्यंत हा नियम अजून पुरता पोचलेला नाही, असं मला खेदानं म्हणावं लागतं. रविवारच्या साक्षी ऐका. ऑपरेशन यशस्वी झालं त्याची साक्ष, कर्ज फिटलं त्याची साक्ष, मुलाला व्हिसा मिळाला त्याची साक्ष. या साक्षी खऱ्या असतात, आनंदाच्या असतात. पण ज्यांचं ऑपरेशन यशस्वी झालं नाही ते त्याच उपासनेत बसलेले असतात, आणि त्यांना उठून बोलायला जागा नसते. आपलं काही तरी कमी पडलं, असं समजून ते घरी जातात. उठून बोलायची ती जागा हाच ओढ्याच्या अलीकडे बसलेल्यांचा वाटा, आणि आपण तो त्यांना नाकारतो.

कारण सगळं परत मिळतंच असं नाही. खुद्द दावीदाला पुढच्या आयुष्यात ते मिळालं नाही. तान्हं मूल गेलं, अबशालोम गेला, आणि त्यांच्यासाठी ना पाठलाग होता ना परतीची वाट. म्हणून काहीच परत न मिळालेल्या एका मराठी बाईबद्दल इथे लिहायलाच हवं.

पंडिता रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून जातीचा रोष पत्करलेले. तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणारं हे कुटुंब १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात सापडलं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत गेलं होतं, मजुरी करायची सवय नव्हती, भीक मागायची लाज होती. वडील गेले. आई लक्ष्मीबाई रायचूरला अंथरुणाला खिळल्या. त्या वेळची एक हकिकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. आईची भूक बघवेना तेव्हा सोळा-सतरा वर्षांची ही मुलगी शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेली. पुराणातले हजारो श्लोक पाठ असलेली मुलगी. पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतलं पाणी आवरेना. त्या बाईनं ओळखलं आणि आपण होऊन विचारलं, काही खायला हवंय का? मग भाकर मिळाली. ती घेऊन रमा धावत आईकडे आली, पण आईला आता घास गिळण्याचीही शक्ती उरली नव्हती. काही दिवसांत ती गेली. स्मशान तीन मैलांवर. दोन ब्राह्मण मदतीला आले म्हणून प्रेताला खांदा तरी मिळाला. उरलेले दोन खांदेकरी म्हणजे भाऊ श्रीनिवास आणि रमा.

थोरली बहीण गेली. भाऊबहीण उत्तरेकडे चालत राहिली. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हतं म्हणून वाळूत खड्डे करून, डोकं तेवढं बाहेर ठेवून, त्यांनी रात्री काढल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा बिपिनबिहारी मेधावी पटकीनं गेले. मांडीवर वर्षाच्याही आतली मुलगी, मनोरमा.

इथे सत्य सांगायला हवं. या दुःखांनी रमाबाईंचा देवावरचा विश्वास वाढला नाही. मोडला. एवढी व्रतं केली, एवढी दानं दिली, तरी कुणी धावून आलं नाही, म्हणून लहानपणापासूनचा विश्वास त्यांच्या हातातून निसटून गेला. संकट माणसाला देवाजवळ आणतंच, असं जे ठासून सांगतात त्यांनी हे वाचावं. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतरही कितीतरी वर्षं आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनीच म्हणून ठेवलं आहे. आईच्या मृत्यूपासून मोजलं तर अंतरीचा विसावा मिळायला पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. सिकलागमध्ये जे एका ओळीत उरकलं, त्याला रमाबाईंना निम्मं तारुण्य द्यावं लागलं. देव उशिरा पोचला की रमाबाई, याचा निवाडा मी करणार नाही. एवढं खरं की उशीर लागला म्हणून त्या कमी विश्वासाच्या ठरल्या नाहीत.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई पुण्यात विधवांसाठी शारदासदन चालवत होत्या, हातात पैसा बेताचा. मध्य प्रांतातून भुकेल्या बायका-मुलींच्या बातम्या येऊ लागल्या, आणि त्यांना आपले रायचूरचे दिवस आठवले. मग त्यांना पुण्यात बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या, दुष्काळी छावण्या आणि गरीबखाने त्यांनी पाहिले, आणि सुमारे ३०० मुली व विधवा बरोबर आणल्या. दौंडजवळ केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली, तेच मुक्तिसदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. भाकर मागताना जिची जीभ लुळी पडली होती, तिनं ज्यांना मागताही येत नव्हतं त्यांना शोधत जाऊन जेवू घातलं. तिच्या हाती पडलेल्या त्या तुकड्यानं आई वाचली नाही. पण दारातली मुलगी काय मागायला आली आहे, हे तिनं न सांगताच ओळखणाऱ्या त्या रायचूरच्या शेजारणीचं देणं रमाबाईंनी केडगावात फेडलं, असं मला वाटतं.

गेलेल्यांपैकी कुणीही परत आलं नाही. १९२१ साली मनोरमाही गेली, आणि पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. त्या शेवटच्या काळातही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून करायला घेतलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी हातचं सोडलं नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी आज खरोखर सिकलागमध्ये असेल. त्यानं एवढंच करावं: रडू येत असेल तर रडावं, आणि एका माणसाला हाक मारावी. प्रार्थना सुचत नसेल तर दुसऱ्याला करायला सांगावी. दावीदानंही एफोद मागवून घेतला, सगळं एकट्यानं केलं नाही. जगणंच नको असं वाटत असेल तर ते मनात ठेवू नये. घरातल्या कुणाला, पाळकांना, डॉक्टरांना सांगावं, किंवा १४४१६ या सरकारच्या टेलिमानस क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. औषधाची किंवा समुपदेशकाची मदत घेणं म्हणजे विश्वासात कमी पडणं, असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नये.

आणि ज्यांचं घर आज शाबूत आहे त्यांना माझी विनंती आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात आयसीयूच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये रात्री एकदा जाऊन या. चटया टाकून नातेवाईक पडलेले असतात. ज्याची आई आत आहे तो ज्याचा मुलगा आत आहे त्याला आपल्या डब्यातली पोळी-भाजी देत असतो. जात, गाव, धर्म काही न विचारता. बाहेरून आलेल्यानं तिथे वचनं पाठ म्हणून दाखवू नयेत. पाण्याची बाटली न्यावी, मोबाइलचा चार्जर न्यावा, घरचं जेवण न्यावं, आणि हे कसं झालं, कधी झालं, डॉक्टर काय म्हणाले, ही चौकशी जेवण झाल्यावर करावी. आपल्या मंडळीत गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरी मयत झाली त्यांची नावं काढा. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे सगळेच गेले होते. या आठवड्यात तुम्ही जा.